वावरापर्यंत गाडी न्यायची तर: जीपीएस नेव्हिगेटर कसा घ्यावा, कसा वापरावा

सौर पंप दुरुस्तीचं माझं काम. मुक्काम पांढरकवडा (जिल्हा यवतमाळ), फिरणं केळापूर, झरी जामणी, घाटंजी, राळेगाव, मारेगाव. गिऱ्हाइकाचा पत्ता म्हणजे गावाचं नाव आणि गट नंबर. गट नंबर तलाठ्याला समजतो, गाडीला नाही. म्हणून माझ्या बोलेरोत मोबाइलशिवाय एक वेगळा जीपीएस नेव्हिगेटर असतो, म्हणजे उपग्रहांवरून जागा ओळखून रस्ता दाखवणारं यंत्र. ‘मोबाइल असून हे डबडं कायले पायजे?’ हे कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं. ज्याला नुसतं नागपूर-अमरावती करायचं आहे त्याला खरंच नको. डांबरी सोडून आत शिरणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, हे पहिलं लक्षात घ्या. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह संदेश पाठवत असतात, आपलं यंत्र फक्त ऐकतं. चार उपग्रह नीट ऐकू आले की जागा ठरते. रेंज लागते ती नकाशा उतरवायला. मोबाइलवर नकाशा आधीच उतरवून ठेवला तर तोही रेंजशिवाय चालतो, हे मान्य. पण मे महिन्यात काचेमागे लावलेला मोबाइल तापतो, पडदा मंद होतो, चार्जिंग थांबतं. आणि नेमकं वळणावर कोणाचा तरी फोन येऊन नकाशा झाकून टाकतो. यंत्र वेगळं असलं की फोन फोनचं काम करतो.

घेताना पडदा आधी पाहा, पण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही. दुकानदाराला सांगून यंत्र बाहेर उन्हात न्या. उन्हात रस्त्याची रेघ दिसत नसेल तर बाकी गुण ऐकूच नका. पाच इंची पुरतो; चष्मा लागला असेल तर सात इंची घ्या. आवाज मोठा हवा, डिझेल गाडीत खिडक्या उघड्या ठेवून ऐकू यायला हवा. भारताचा नकाशा आतच आहे का आणि तो ताजा कसा करायचा, हे विचारा. बाहेरदेशी राहणाऱ्या पाहुण्याने भेट दिलेल्या यंत्रात बहुतेकदा तिकडचाच नकाशा असतो. आपल्याकडे आणलं की कोऱ्या पडद्यावर नुसता बाण फिरतो. चौथी गोष्ट म्हणजे अक्षांश-रेखांश हाताने टाकायची सोय. ती नसेल तर आमच्यासारख्यांना ते यंत्र फुकट दिलं तरी नको.

जुनं घेत असाल तर तारीख पाहा. जीपीएसचा आठवडे मोजायचा आकडा १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तो तसा आला, आणि सुधारणा न मिळालेली जुनी यंत्रं त्यानंतर जवळपास वीस वर्षं मागची तारीख दाखवू लागली. यंत्र सुरू करून उघड्यावर ठेवा, उपग्रह सापडू द्या, मग तारीख तपासा. चुकीची असेल आणि सुधारणा मिळत नसेल तर परत करा. जुन्या यंत्राची बॅटरीही थकलेली असते, पण गाडीच्या लायटर सॉकेटवर चालवायचं असल्याने ते चालतं. फक्त सोबतचा चार्जर १२ व्होल्टचाच आहे की २४ व्होल्टलाही चालतो, ते त्यावर वाचा. ट्रकमध्ये २४ असतात, आणि शेजारचा ट्रकवाला एक दिवस मागायला येतोच.

लावायची जागा काचेच्या खालच्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या उजव्या हाताला. मधोमध लावलं की समोरून आडवं येणारं जनावर झाकलं जातं. चोषक, म्हणजे यंत्र काचेला धरून ठेवणारी रबरी वाटी, चिकटवण्याआधी काच आतून ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा; आमच्याकडच्या धुळीने माखलेल्या काचेवर तो टिकत नाही. उन्हाळ्यात गाडी उभी केली की यंत्र काढून पिशवीत. बंद गाडीत लिथियमची बॅटरी फुगते.

सकाळी यंत्र सुरू केलं की दोन-तीन मिनिटं गाडी उभीच ठेवा. प्रत्येक उपग्रह आपल्या मार्गाची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. चालत्या गाडीत, त्यात कडुनिंबाच्या सावलीतून, ती मधेच तुटते आणि यंत्र पुढच्या फेरीची वाट पाहत बसतं. मोबाइलला ही माहिती इंटरनेटवरून मिळते, म्हणून तो चटकन जागा दाखवतो; त्याच्यात काही जादू नाही.

आता खरी अडचण, म्हणजे गावांची नावं. कारंजा लाड वाशिम जिल्ह्यात, कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यात. चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार दोन्ही अमरावतीत. आष्टी तर वर्ध्यात आहे, गडचिरोलीत आहे आणि बीडमध्येही आहे. वडगाव-पिंपळगावांची गिनतीच नको. म्हणून यादीतलं पहिलं नाव कधी दाबायचं नाही. जिल्हा आणि पडद्यावरचं अंतर पाहूनच दाबायचं. इंग्रजी स्पेलिंगचा वेगळाच घोळ. वणी कुठे ‘डब्ल्यू’ने तर कुठे ‘व्ही’ने, मूल कुठे दोन ‘ओ’ने तर कुठे एका ‘यू’ने. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा मधली तीन-चार अक्षरं टाकून पाहा. आणखी एक: नकाशावर ठळक नाव असलेलं गाव ‘रिठी’ निघू शकतं, म्हणजे महसुली दप्तरात गाव आहे पण वस्ती नाही. तिथे रस्ता विचारायलाही कोणी भेटत नाही.

त्यामुळे मी नावाने जातच नाही, अक्षांश-रेखांशाच्या आकड्याने जातो. शेतकऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवायला सांगायचं, पण पंपाजवळ उभं राहून. वावरात रेंज नसली की लोक घरी येऊन पाठवतात आणि आपण मारुतीच्या पारावर पोहोचतो. तिथे पाठवताच येत नसेल तर पंपाजवळ नकाशा उघडून निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरायचं. आकडे येतात, त्यांचा फोटो काढायचा आणि घरी येऊन पाठवायचा.

हे आकडे दशांशात असतात. नेव्हिगेटरच्या सेटिंगमध्येही दशांश अंशच निवडा. २०.१२ म्हणजे २० अंश १२ मिनिटं नव्हे, तर २० अंश ७ मिनिटांच्या जरा पुढे. हा घोळ झाला तर सुमारे ९ किलोमीटर उत्तरेला जाऊन पडाल. पटकन तपासायची खूण अशी: पांढरकवड्याच्या आसपास पहिला आकडा २० च्या जवळचा, दुसरा ७८ ने सुरू होणारा. ७९ दिसलं तर ते नागपूर-चंद्रपूरकडचं. दशांशानंतर चार अंक तरी घ्या. तीनच घेतले तर शंभर मीटर इकडेतिकडे होतं, आणि पऱ्हाटी (कपाशी) कमरेएवढी वाढली की तेवढ्यातच दुसऱ्याचं वावर लागतं.

आकडा अचूक असूनही यंत्र फसवतं, ते कसं ते सांगतो. नेमलेल्या बिंदूवर रस्ता नसेल तर यंत्र त्याच्या सर्वांत जवळच्या रस्त्यावर नेऊन ‘पोहोचलात’ म्हणतं. जवळचा म्हणजे सरळ रेषेत जवळचा. खुनी नदीच्या अंगाला एका वावराचं असंच झालं. पडद्यावर दीडशे मीटर शिल्लक, समोर सोलरच्या पाट्या दिसतायत, मध्ये नाला दुथडी. पलीकडून शेतकरी हात हलवतोय, ‘मी तं वावरातच उभा आहो भाऊ, पल्याडून या नं!’ पल्याडून म्हणजे मागे फिरून रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून. तेव्हापासून निघण्याआधी पडदा पूर्ण मोठा करून पाहतो. बिंदू आणि रस्ता यांच्यात नदी-नाल्याची निळी रेघ आहे का? असेल तर वावराकडे जाणारा फाटा कुठे फुटतो ते फोनवर विचारून तो फाटा आधीचा थांबा म्हणून टाकतो.

सेटिंगमधलं ‘सर्वांत कमी अंतर’ बंद करून ‘सर्वांत लवकर’ ठेवा आणि ‘कच्चे रस्ते टाळा’ सुरू करा. कमी अंतराच्या नादात यंत्र पांदणीत, म्हणजे वावरांमधल्या बैलबंडीच्या वाटेत घालतं. पांदण नकाशावर रस्त्यासारखीच दिसते. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक अर्धं गेलं की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. पुराचंही यंत्राला काही कळत नाही. भामरागडला पर्लकोटा नदीचा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो, पण पडद्यावर तो बारा महिने कोरडाच. जंगलातून जाणाऱ्या काही रस्त्यांवर रात्री नाके बंद असतात, तेही यंत्र सांगणार नाही. डांबरी सोडताना काच खाली करून एकदा विचारा: ‘इकून गाडी जाते का भाऊ?’ ‘बैलबंडी जाते’ असं उत्तर आलं तर परत फिरा.

नकाशा जुना असेल तर समृद्धी महामार्गावर बाण सरळ वावरातून पळताना दिसतो आणि यंत्र दर मिनिटाला वळायला सांगतं. तिथे ते बंदच करा; महामार्गावरून ठरलेल्या जागीच उतरता येतं, पाट्या पुरेशा आहेत. नागपुरात वर्धा रोडच्या दुमजली पुलाखालीही त्याचा गोंधळ उडतो, कारण आपण वर आहोत की खाली हे त्याला नीट कळत नाही.

पंपाजवळ पोहोचलात की परत निघण्याआधी बिंदू जतन करा. यंत्र हातात घेऊन झाडाखालून बाजूला व्हा, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. नाव देताना गट नंबर आधी, मग गाव, मग पंपाचा एचपी. यादी आपोआप क्रमाने लागते. येताना फाट्यावर थांबून तोही जतन करा आणि त्याच्या नावापुढे ‘फा’ लावा. मग हे दोन्ही आकडे डायरीत उतरवा. यंत्र बंद पडलं, चोरीला गेलं किंवा कोणी सगळं पुसून टाकलं, तर हातात तेवढंच उरतं. माझ्या डायरीत शेवटचा रकाना ‘पावसाळ्यात गाडी कुठपर्यंत’ असा आहे, आणि तो शेतकऱ्याला विचारूनच भरतो.