जुना बेल्जियन कॉटिक्यूल हाती लागलाय? वस्तऱ्यासाठी तो असा तयार करा

आपल्याकडे सलूनमध्ये आता अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा असतो, त्यामुळे खऱ्या वस्तऱ्याला धार लावणं ही गोष्टच विस्मरणात गेलीये. पण हौशी मंडळी ईबेवरून, कधी चोर बाजारातून धार लावायचे जुने दगड उचलतात, आणि त्यात सगळ्यात मस्त निघतो तो बेल्जियमचा पिवळा कॉटिक्यूल. आर्देनच्या डोंगरात, व्हिएलसाल्मच्या आसपास याच्या खाणी होत्या, तिथून जगभरच्या न्हाव्यांकडे हे दगड जायचे. वर फिकट पिवळा, सायीच्या रंगाचा थर आणि खाली काळपट निळी किंवा जांभळट पाटी अशी जोडी दिसली की समजायचं. काहींत ही जोडी निसर्गानेच केलेली असते आणि काहींत पाटी मागून चिकटवलेली असते, हा फरक पुढे कामाला येतो.

पिवळ्या थरात ३० ते ४० टक्के स्पेसार्टिन जातीच्या गार्नेटचे कण असतात, साधारण ५ ते १५ मायक्रॉनचे. आकड्यावरून वाटेल की हे तर जाडं झालं, पण या कणांना बारा तोंडं असतात, म्हणजे ते गोलसर पडतात आणि पोलादात खोल चरा काढत नाहीत, म्हणूनच गालाला मऊ लागणारी धार मिळते. विकणारे थरांची फ्रेंच नावं सांगून किंमत चढवतात, लेबल किंवा कागद नसेल तर त्या नावाला काही अर्थ नाही, दगड बघा आणि पैसे मोजा.

आता साफसफाई. जुन्या दगडावर तेल, साबण आणि वर्षानुवर्षांचं पोलाद असा काळा थर बसलेला असतो. बघून घाबरू नका, कॉटिक्यूल पाणी किंवा तेल फारसं पीतच नाही, घाण वरच्यावरच असते. भांड्यांचं लिक्विड, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश एवढ्यात बहुतेक काम होतं. राहिलंच तर कापडावर थोडं एसीटोन घेऊन फक्त पिवळ्या बाजूवर पुसा, सांध्यावर नको. उकळतं पाणी तर अजिबात नको, जुना गोंद सुटला की पाटी वेगळी आणि दगड वेगळा. सुटलीच तर दोन्ही बाजू कोरड्या करून अराल्डाइटने चिकटवा, वर वजन ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. मागे जुनं कागदी लेबल असेल तर दगड बुडवूच नका, ते लेबल आहे तसं ठेवा, कलेक्टर त्याचेच पैसे देतात.

मग नखाने तपासा. पृष्ठभागावर काळ्या रेषा दिसतील, त्या बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, पण नख आडवं फिरवल्यावर जिथे अडकतं तिथे वस्तराही अडकणार आणि धारेचा तुकडा उडणार. अशी भेग कडेला असेल तर तेवढा भाग सोडून काम करता येतं, मधोमध असेल तर हा दगड चाकूंसाठी ठेवा, वस्तऱ्याच्या वाटेला नको.

आता सपाटी, कारण वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात आणि मध्ये खळगा असेल तर सगळी मेहनत पाण्यात. स्टीलची पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून मागून उजेड बघा. मग पेन्सिलने दगडावर चौकडी आखा, जाड काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा आणि दगड आठच्या आकड्यासारखा फिरवा. ओट्याचा ग्रॅनाइट सपाट असतो म्हणून त्यावर हे करायला जाऊ नका, पॉलिशला चरे पडले की घरात तुम्हालाच धार लावली जाईल. पेन्सिल सगळीकडून गेली की थांबायचं. पिवळा थर कधीकधी काही मिलिमीटरचाच असतो, घासून गेला तो गेला, आणि अगदी कोपऱ्यात टिकलीएवढा खळगा राहिला तरी काही बिघडत नाही. लोक इथे हौसेने जास्त घासतात आणि चांगला दगड अर्धा करतात. नंतर ४०० आणि ८००, आणि कडा ४५ अंशात थोड्या मारून घ्या म्हणजे पातं कोपऱ्यावर अडकत नाही. हे सगळं ओलंच करायचं, यात क्वार्ट्झ असतो, त्याची कोरडी धूळ फुप्फुसाला वाईट.

दगड तयार झाला. वस्तऱ्याला खाचे असतील तर आधी १००० नंबरच्या साध्या दगडावर काढा, कॉटिक्यूलवर खाचे काढत बसलात तर संध्याकाळ होईल. मग पिवळ्या दगडाचाच छोटा तुकडा घेऊन चार थेंब पाण्यात घासा, ताकाइतकी दाट स्लरी, म्हणजे दगडाची भुकटी मिसळलेलं पाणी, यायला हवी. तुकडा एकाच जागी नको, सगळ्या दगडावर फिरवा, नाहीतर तिथे पुन्हा खळगा. पाठीवर इलेक्ट्रिकल टेप लावायची असेल तर लावा, पण सुरुवातीला लावली तर शेवटपर्यंत ठेवा, मध्येच काढली की कोन बदलतो.

पातं सपाट ठेवून एका बाजूने मागेपुढे तीस-चाळीस वेळा, मग तेवढंच दुसऱ्या बाजूने, बोटाचा हलका दाब देऊन. स्लरी करडी होत गेली म्हणजे पोलाद कापलं जातंय. आता हातावरचे केस त्वचेलगत, न ओढता उडतायत का बघा, टाचेकडे (मुठीजवळ), मध्ये आणि टोकाकडे तिन्ही ठिकाणी. एका ठिकाणी जरी नाही उडाले तर नवी स्लरी करा आणि पुन्हा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं, केस उडायच्या आधीच पाणी घालायला लागतात, आणि पातळ स्लरीवर दगड इतका हळू चालतो की मग कितीही घासा, राहिलेलं राहूनच जातं.

केस उडायला लागले की दाब काढा आणि दगडावर तिरके, लांब फटके सुरू करा, धार पुढे, आणि वळवताना पाठीवर वळवायचं. दर पंधरावीस फटक्यांनी बोट बुडवून एक-दोन थेंब पाणी. हे का, तर दाट स्लरीतले कण धारेच्या टोकावर समोरून आपटतात आणि धार एका मर्यादेपुढे जाऊच देत नाहीत, स्लरी पातळ होत गेली की ही मर्यादा वर सरकते. हळूहळू पाणी जवळजवळ स्वच्छ होतं, मग दगड नळाखाली धुवा आणि नुसत्या पाण्यावर पन्नासेक फटके, पात्याच्या वजनाएवढाच भार. शेवटी पातं दगडाला चिकटल्यासारखं ओढ घेतं, ते कळायला लागलं की हात बसला समजा.

मग चामड्याच्या पट्ट्यावर पन्नास-साठ वेळा, इथे पाठ पुढे. दाढी करताना गालावर ओढल्यासारखं वाटलं तर सगळं पहिल्यापासून करू नका, मध्यम स्लरीवर परत जा आणि या वेळी पाणी अजून सावकाश घाला.

काम झालं की दगड धुवून, पुसून सावलीत वाळवा, पाण्यात बुडवून ठेवू नका. फक्त वस्तरेच लावत असाल तर सपाटी क्वचितच बिघडते, अधूनमधून पट्टी ठेवून बघितलं तरी पुरे.