जुन्या ट्रकच्या डिझेलमध्ये तळणाचे तेल मिसळण्यापूर्वी

विदर्भात जिनिंगला कापूस वाहणाऱ्या जुन्या ट्रकच्या डिझेलमध्ये तळणाचे वापरलेले तेल मिसळायचे असेल, तर आधी इंजिनात इंधन ढकलणारा पंप कोणता आहे ते पाहावे. इंजिन ऑइलवर वंगण मिळणारा इनलाइन पंप दाट इंधन बऱ्यापैकी सोसतो, इंधनावरच वंगण मिळणारा रोटरी पंप लवकर खराब होतो आणि सामायिक नळीतून फार मोठ्या दाबाने इंधन देणाऱ्या कॉमन रेल इंजिनात तर हा प्रयोग करूच नये. तेल ड्रममध्ये आठवडाभर निवळू द्यावे, तळचा गाळ न हलवता वरचेच काढावे आणि बारीक फिल्टरमधून गाळावे. त्याचा थेंब तापल्या तव्यावर तडतडला, तर पाणी शिल्लक आहे, आणि पाण्याने पंपातील प्लंजर (दट्ट्या) व इंधन फवारणारे नोझल गंजतात. भज्यांच्या गाड्यावरचे पामतेल डिसेंबरच्या पहाटे, पारा 10 अंशांवर आला की, थिजून फिल्टर चोंदवते, म्हणून हिवाळ्यात निव्वळ डिझेलच बरे. गॅरेजमधले काळे ऑइल, म्हणजे इंजिनातून काढलेले वापरलेले ऑइल, फुकट मिळत असले तरी, मुळीच घालू नये. त्यातील राख व धातूंचे सूक्ष्म कण गाळूनही जात नाहीत, शिवाय कायद्याने तो घातक कचरा आहे. डिपस्टिकवरची (इंजिन ऑइल मोजण्याच्या पट्टीवरची) पातळी आपोआप वाढू लागली, तर न जळलेले इंधन पिस्टनच्या रिंगांवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरत आहे असे समजून मिश्रण थांबवावे आणि इंजिन ऑइल लगेच बदलावे.