सूज दाखवणारे रक्ताचे आकडे आणि प्रोस्टेट कॅन्सर: रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

"मॅडम, बाबांचा न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट रेशो सात आलाय. तीनच्या वर गेला की काही खरं नाही, असं वाचलं मी." रिपोर्ट घ्यायला आलेला मुलगा काउंटरवरच हे विचारत होता. वडील मागे बाकावर बसले होते, गालाला रुमाल लावून. त्यांची दाढ सुजली होती. प्रोस्टेट कॅन्सरसाठी अबिराटेरॉन, म्हणजे हार्मोन रोखणारी गोळी, चालू होती, म्हणजे जोडीला रोज प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडही. त्या सातमध्ये दाढ होती, स्टेरॉइड होतं, आणि कॅन्सरचा वाटा किती, हे नुसत्या त्या कागदावरून मलाही सांगता आलं नसतं.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. असे रिपोर्ट रोज माझ्या सहीने बाहेर पडतात आणि घरी गेल्यावर त्यांचं काय होतं तेही कळत राहतं. रात्र रात्र जागून मुलं आकडे शोधतात. बहुतेक वेळा घोळ एकाच ठिकाणी होतो: आकडा वाचला जातो, पण रक्त दिलं त्या दिवशी शरीरात काय चाललं होतं, ते कुणी पाहत नाही.

हा रेशो आहे तरी काय

साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशींचे प्रकार टक्केवारीत दिलेले असतात. न्यूट्रोफिल ७२ आणि लिम्फोसाइट १८ असतील तर ७२ भागिले १८, म्हणजे न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट रेशो, थोडक्यात एनएलआर, ४. निरोगी माणसात तो साधारण १ ते ३ च्या दरम्यान असतो. भागाकार करताना टक्क्याला टक्क्यानेच भागायचं, किंवा प्रत्यक्ष संख्येला संख्येनेच. एकाची टक्केवारी आणि दुसऱ्याची संख्या घेऊन तीन-चार आकडी उत्तर काढून घाबरलेले लोकही मी पाहिले आहेत.

शरीरावर कसलाही ताण आला की न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. स्लोव्हाकियातले डॉ. झाहोरेत्स यांनी २००१ मध्ये हा रेशो मांडला, तो गंभीर आजारी रुग्णांच्या शरीरावरचा ताण चटकन मोजण्यासाठी. पुढे डोसिटॅक्सेल आणि कॅबाझिटॅक्सेल या केमोच्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांतल्या रुग्णांचे आकडे तपासले गेले. पसरलेल्या आणि हार्मोनच्या उपचारांना दाद न देणाऱ्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये ज्यांचा रेशो सुरुवातीलाच जास्त होता, ते सरासरीने कमी जगले. हे खरं आहे. पण ती शेकडो माणसांची सरासरी आहे. तुमच्या वडिलांचा मंगळवार सकाळचा नमुना ही वेगळी गोष्ट आहे.

स्टेरॉइड विसरणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगते. न्यूट्रोफिल नेहमी रक्तप्रवाहात फिरत नसतात. बरेचसे रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेले असतात. स्टेरॉइड पोटात गेलं की ते भिंत सोडतात आणि सुईत येतात. लिम्फोसाइट उलट रक्तातून बाहेर निघून जातात. वरचा आकडा वाढला, खालचा घटला, रेशो उसळला. कॅन्सर जागचा हललेलाही नसतो.

आता प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचारांत स्टेरॉइड कुठे कुठे असतं ते पाहा. अबिराटेरॉनसोबत प्रेडनिसोलोन रोज. डोसिटॅक्सेलसोबतही बऱ्याचदा तेच, शिवाय केमोची सलाइन लावण्याआधी डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टेरॉइडचे डोस. म्हणजे आदल्या रात्री डेक्सामेथासोन घेऊन सकाळी रक्त दिलं, तर तो रेशो मागच्या महिन्याच्या रेशोशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. तीच गत पांढऱ्या पेशी वाढवायच्या इंजेक्शननंतर, म्हणजे फिलग्रास्टिम किंवा पेगफिलग्रास्टिमनंतर. ओटीपोटावर रेडिएशन झालं असेल तर लिम्फोसाइट कित्येक महिने कमीच राहू शकतात.

यावर उपाय अगदी घरगुती आहे. प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनाने लिहा: केमो किंवा इंजेक्शन कधी झालं, स्टेरॉइड चालू आहे का, ताप, खोकला, लघवीची जळजळ, दाढ, जखम, जे असेल ते. त्या मुलाने तिथेच काउंटरवर उभ्या उभ्या "दाढ सुजली" असं लिहिलं. पुढच्या वेळी डॉक्टरांना ते दोन शब्द सातपेक्षा जास्त उपयोगी पडतील.

सीआरपीचं एकक न पाहणं

सीआरपी हे सूज दाखवणारं प्रथिन. ते यकृतात तयार होतं आणि संसर्ग झाला की काही तासांत वाढायला लागतं. काही लॅब ते मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहापट फरक. एका लॅबचं १.२ आणि दुसऱ्या लॅबचं १२ हे एकच असू शकतं. "दहापट वाढलं" म्हणून रडकुंडीला आलेल्या एका बाईंना मी दोन्ही कागदांवरची एककं बोटाने दाखवली होती. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा.

ईएसआर, म्हणजे नळीत लाल पेशी खाली बसण्याचा वेग, त्याबद्दल थोडक्यात: वय वाढलं की तो वाढतो, रक्त कमी असलं की वाढतो. हार्मोन रोखण्याच्या उपचारांनी हिमोग्लोबिन उतरतं, त्यामुळे पंच्याहत्तरीच्या काकांचा ईएसआर ४५ दिसला तर एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

दुसऱ्याच्या आजाराचा आकडा स्वतःला लावणं

कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या वर रेशो जास्त धरायचा तो आकडा, ही काही देवाने आखलेली रेघ नव्हे. कुठल्या अभ्यासात तो २.५ असतो, कुठे ३, कुठे ५. वंशाप्रमाणेही फरक पडतो: पश्चिम आफ्रिकी वंशाच्या बऱ्याच लोकांत न्यूट्रोफिल जन्मतःच कमी असतात आणि त्यात आजार काही नसतो. एका देशातल्या रुग्णांवर काढलेली रेघ जशीच्या तशी दुसरीकडे चालत नाही, ती म्हणून.

त्याहून मोठी चूक टप्प्याची. आजार ग्रंथीपुरताच असेल तर पुढचा अंदाज बायोप्सीतल्या ग्लीसन स्कोअर आणि ग्रेड ग्रुपवरून (कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात त्याचं माप), पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीवरून आणि गाठ कुठवर गेली आहे यावरून बांधला जातो. तिथे एनएलआरबाबतचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. आणि पुढच्या टप्प्यातही तो एकटा काही ठरवत नाही. अमेरिकेतल्या सुसान हलाबी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये, हार्मोन उपचारांना न जुमानणाऱ्या आजारासाठी जी अंदाजपद्धत मांडली, तिच्यात आठ गोष्टी आहेत: रुग्ण किती हिंडता-फिरता आहे, आजार कुठे पसरला आहे, दुखण्यासाठी मॉर्फिनच्या जातीची औषधं लागतात का, आणि रक्तातले पाच आकडे, म्हणजे एलडीएच, अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, पीएसए आणि अल्कलाइन फॉस्फटेज. एनएलआर त्या यादीत नाही. बाबा सकाळी स्वतः अंघोळ करून पेपर वाचत बसतात की दिवसभर पडून असतात, हे मात्र आहे. ती माहिती कुठल्याच लॅबकडे नसते, तुमच्याकडे असते. डॉक्टरांना ती आधी सांगा.

आकडा उतरवायच्या मागे लागणं

वाढलेला रेशो हा आजाराच्या अंदाजाची खूण आहे. तो खाली ढकलला की आयुष्य वाढतं, असं सिद्ध झालेलं नाही. तरीही लोक हळदीच्या अर्काच्या गोळ्या सुरू करतात, रोज आयबुप्रोफेन घेतात. भाजीतल्या हळदीबद्दल माझं काही म्हणणं नाही. गोळीतला अर्क वेगळा; त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि अबिराटेरॉनमध्ये यकृतावर आधीच लक्ष ठेवावं लागतं. वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर वयस्कर माणसाची किडनी बिघडू शकते. कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही सुरू करू नका, आणि आधीच सुरू केलं असेल तर लपवू नका.

कमी आकड्यावर खूश होणं

ही चूक क्वचित होते, पण जिवावर बेतू शकते. केमोनंतर साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला जातात. समजा न्यूट्रोफिल उरले ४०० आणि लिम्फोसाइट ८००. रेशो आला ०.५. मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर म्हणेल, छान. प्रत्यक्षात ४०० न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढायला शरीरात जवळपास कुणी उरलेलं नाही. म्हणून या दिवसांत रेशो काढूच नका. न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या पाहा, ती ५०० च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला, तर रिपोर्टची वाट पाहू नका, क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी तडक हॉस्पिटल गाठा. कॅज्युअल्टीत शिरताच पहिलं वाक्य हे सांगा की यांची केमो चालू आहे, आणि शेवटची केमो अमुक तारखेला झाली.