इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग: सीलंट कुठे लावायचं, कुठे नाही

इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा भाग) उतरवला की पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉनचं सीलंट (सांधा बंद करणारा लेप) थापायचं आणि नट आवळायचे, ही खोड बऱ्याच गॅरेजांना लागलेली आहे. पॅकिंग नवं आणि फेस (पॅकिंग टेकतं तो पृष्ठभाग) सपाट असेल तर बहुतेक इंजिनांना इनटेकवर सीलंट लागतच नाही. ते लागतं पॅकिंग जिथे संपतं तिथे.

आधी पॅकिंग ओळखा. प्लास्टिक मॅनिफोल्डच्या खाचेत बसणारी रबरी रिंग किंवा पत्र्यावर रबराची कड असलेलं पॅकिंग पूर्ण कोरडंच बसवायचं. ओलं सिलिकॉन साबणासारखं निसरडं असतं. नट आवळताना रबर जागेवरून सरकतं आणि पोर्टच्या (हवा जायच्या भोकाच्या) आत किंवा बाहेर येतं. शिवाय साधं आरटीव्ही (खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं) सिलिकॉन पेट्रोलपुढे टिकत नाही, फुगून मऊ पडतं. त्यामुळे कार्बोरेटरच्या खालच्या पॅकिंगला तर ते चुकूनही लावू नका.

फायबरचं किंवा कागदी पॅकिंगही हवेच्या पोर्टभोवती कोरडंच ठेवायचं. मॅनिफोल्डमधून कूलंट फिरत असेल आणि मॅन्युअलमध्ये तसं सांगितलेलं असेल, तर फक्त पाण्याच्या भोकाभोवती बोटाने सीलंटचा पातळ हात फिरवायचा. खालचं पॅकिंग दिसलं पाहिजे इतका पातळ.

सीलंटचं खरं काम आहे ते जुन्या अमेरिकन धाटणीच्या व्ही-8 (व्ही आकारात आठ सिलिंडर) सारख्या इंजिनांवर. तिथे मॅनिफोल्ड दोन हेडांच्या (सिलिंडरवरच्या झाकणांच्या) मधली दरी झाकतो, आणि पुढे-मागे ब्लॉकच्या भिंतीवर टेकतो. सेटमध्ये त्या जागेसाठी कॉर्कच्या पट्ट्या मिळतात, पण त्या दाबाखाली निसटतात. बरेच जाणकार त्या बाजूला ठेवून थेट आरटीव्हीची 5-6 मिमी जाड, न तुटणारी वळी घालतात. वळी दोन्ही टोकांना हेडवरच्या इनटेक पॅकिंगवर सेंटिमीटरभर चढवायची. हेड, ब्लॉक आणि मॅनिफोल्ड एकत्र येतात त्या चारही कोपऱ्यांत वाटाण्याएवढा जादा थेंब. तेल गळतं ते बहुधा याच कोपऱ्यांतून.

आता क्रम. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, इंधनाचं प्रेशर सोडलेलं, कूलंट खाली उतरवलेलं. पोर्टमध्ये फडकी कोंबा आणि ती मोजून ठेवा. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या स्क्रेपरने खरवडा. ग्राइंडरवरची घासणारी चकती अॅल्युमिनियमवर लावू नका. फेसला खड्डे पडतात आणि तिची भुकटी तेलात जाऊन बेअरिंग खाते. शेवटचा हात ब्रेक क्लीनरचा. पेट्रोलने पुसलं तर तेलकटपणा राहतो आणि सीलंट धरत नाही.

मग स्टीलची सरळ पट्टी फेसवर आडवी-तिरपी धरून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घाला. 0.10 मिमीचं पान सरकलं की फेसिंग करून (मशीनवर फेस सपाट करून) घ्या, किंवा तुमच्या मॅन्युअलची मर्यादा पाहा. वाकलेल्या फेसवर सिलिकॉन भरणं म्हणजे दुखणं झाकणं. पावसाळा संपायच्या आत गाडी पुन्हा हवा ओढू लागते.

ट्यूबवर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलं आहे का ते बघा. व्हिनेगरसारखा उग्र वास मारणारं सिलिकॉन ऑक्सिजन सेन्सरला त्रास देऊ शकतं, धातूही खातं. आरटीव्ही हवेतल्या दमटपणावर पिकतं, त्यामुळे जुलैतल्या मुंबईत दुधावर यावी तशी साय त्यावर पटकन धरते. वळी घालायच्या आधी मॅनिफोल्ड, बोल्ट, पाने सगळं हाताशी ठेवा. साय धरायच्या आत मॅनिफोल्ड सरळ वरून खाली ठेवा. बाजूला सरकवलात तर वळी पुसली जाते, मग सगळं साफ करून नव्याने घालावी लागते. उघडी ट्यूब कपाटात पडून आतून घट्ट झाली असेल तर फेकून द्या.

बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. अॅल्युमिनियमवर 8 मिमीच्या बोल्टला सहसा 20 ते 25 न्यूटन मीटर टॉर्क (आवळायचा जोर) असतो. प्लास्टिक मॅनिफोल्डचा आकडा बराच कमी असतो, तो मॅन्युअलमधूनच घ्या. ज्या बोल्टचं भोक पाण्याच्या वाटेत उघडतं त्याच्या थ्रेडवर थ्रेड सीलंट हवं, नाहीतर कूलंट थ्रेडमधून झिरपतं. सीलंट पूर्ण पिकायला 24 तास द्या, मगच कूलंट भरा.

गाडी सुरू केल्यावर आयडलिंग चढून राहिलं, हंटिंग (आरपीएम वर-खाली होणं) आली किंवा सूंऽऽ असा आवाज आला तर हवा कुठूनतरी घुसते आहे. जोडावर साबणाचं पाणी मारा. आरपीएम बदलला किंवा आवाज क्षणभर बंद झाला तर जागा सापडली. कार्ब क्लीनर मारून बघणारे बरेच आहेत, पण गरम एक्झॉस्टजवळ तो भडकतो.

आणि व्ही-8 च्या मागच्या भिंतीवरून पुन्हा तेल आलं तर मॅनिफोल्ड परत उघडायच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ इनटेककडे सोडणारा) काढून हलवून बघा. त्याची गोटी खुळखुळत नसेल तर तो तुंबला आहे. मग क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या पोटात) साठलेलं प्रेशर कितीही चांगली वळी बाहेर ढकलतं.