टर्मिनलवर देशांचे झेंडे दाखवताय? मग या चुका टाळा

मॅच चालू असताना ऑफिसात ब्राउझर उघडून बसणं बरं दिसत नाही, म्हणून टर्मिनलमध्येच स्कोअर दाखवणारी छोटीशी शेल स्क्रिप्ट बरेच जण लिहितात आणि मग हौस म्हणून टीमच्या नावापुढे झेंड्याचा इमोजी टाकायला जातात. इथपर्यंत सगळं मजेत. मग पाकिस्तानपुढे पनामाचा झेंडा येतो, श्रीलंकेपुढे सिएरा लिओनचा, आयर्लंडपुढे चक्क इराणचा, आणि माणूस फॉन्टला शिव्या घालत बसतो. फॉन्ट बिचारा सांगितलं तेच करत असतो.

आतली भानगड आधी कळली पाहिजे. झेंड्याचा इमोजी म्हणजे एक अक्षर नाही, दोन आहेत. २०१० च्या युनिकोड ६.० मध्ये ए ते झेड अशी २६ खास चिन्हं आली, त्यांना रीजनल इंडिकेटर म्हणतात, आणि त्यातली दोन शेजारी आली की फॉन्ट त्यांच्या जागी झेंडा काढतो. भारताचा कोड आय-एन, म्हणून आयचं चिन्ह, त्याला चिकटून एनचं चिन्ह, झाला तिरंगा 🇮🇳. गणितही सोपं, कॅपिटल ए चा आस्की नंबर (कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक इंग्रजी अक्षराला ठरलेला नंबर) ६५ आणि त्याच्या चिन्हाचा १२७४६२, म्हणजे कुठल्याही कॅपिटल अक्षराच्या नंबरात १२७३९७ मिळवले की झालं. त्यामुळे अडीचशे झेंडे स्क्रिप्टमध्ये पेस्ट करून ठेवायची काही गरज नाही.

काहीही बिघडलं की पहिलं हे ठरवा की चूक स्क्रिप्टची आहे का स्क्रीनची. लोक हे करतच नाहीत, सरळ फॉन्ट इन्स्टॉल करायला धावतात. स्क्रिप्टचं आउटपुट पाइप करून ओडी कमांडला द्या, वजा बी ऑप्शन लावून, म्हणजे नेमके कुठले बाइट छापले गेले ते आकड्यांत दिसतं. तिरंगा बरोबर छापला जात असेल तर ३६० २३७ २०७ २५६ आणि मग ३६० २३७ २०७ २६३ असे आठ बाइट दिसतील, ऑक्टलमध्ये, म्हणजे आठाच्या पटीत मोजलेले. शेवटी ०१२ दिसला तर तो नवीन ओळीचा, त्याचं टेन्शन नाही. हे आकडे बरोबर असतील तर स्क्रिप्टला हात लावू नका, दोष टर्मिनलचा नाहीतर फॉन्टचा.

आता शेलच्या, म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या चुका, आणि इथे मॅकवाले सगळ्यात जास्त फसतात. नेटवर मिळणाऱ्या बहुतेक स्क्रिप्टमध्ये प्रिंटएफ या छापायच्या कमांडला बॅकस्लॅश आणि मोठा यू देऊन झेंडा छापलेला असतो. ही सोय बॅश नावाच्या शेलमध्ये ४.२ पासून आली, आणि मॅकसोबत येणारा बॅश अजूनही ३.२ आहे, लायसन्सच्या कारणामुळे ॲपलने तो पुढे नेलाच नाही. टर्मिनल उघडलं की झेडशेल हा दुसरा शेल असतो म्हणून कमांड हाताने टाइप केली तर झेंडा येतो, पण स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बिन-बॅश लिहिलेलं असलं की तीच कमांड बॅकस्लॅशसकट जशीच्या तशी छापली जाते. उबुंटूवर वेगळी गंमत, तिथे २००६ पासून एसएच म्हणजे डॅश नावाचा वेगळा छोटा शेल, आणि डॅशला तो यू कळत नाही, त्यामुळे पहिल्या ओळीत बॅश लिहूनही तुम्ही स्क्रिप्ट एसएच लावून चालवली तर ती पहिली ओळ कुणी बघतच नाही. एको वजा ई वापरणाऱ्यांना तर डॅश झेंड्याआधी ते वजा ई पण छापून देतो. आणि छोटा यू घेऊ नका, तो फक्त चार हेक्स अंक खातो आणि झेंड्याच्या चिन्हांचे नंबर पाच अंकी आहेत, म्हणून एक रिकामा डबा आणि मागे उरलेलं अक्षर असं काहीतरी विचित्र दिसतं.

क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्राममधून, चालवलं की झेंडे गायब, ही तक्रारही यातलीच. क्रॉनला तुमचं लोकेल (भाषा, देश आणि अक्षरांच्या पद्धतीचं सेटिंग) मिळत नाही, आणि लोकेल यूटीएफ-८ नसेल तर नवा बॅशसुद्धा यू-वाला कोड तसाच छापतो.

या सगळ्यावर मला आवडणारा उपाय म्हणजे यू सोडून द्या आणि थेट बाइट छापा. वरचे आठ आकडे परत बघा, प्रत्येक चिन्हाचे पहिले तीन बाइट सारखेच आहेत, फक्त चौथा बदलतो, आणि तो म्हणजे अक्षराचा आस्की नंबर अधिक १०१. आयचा नंबर ७३, अधिक १०१ म्हणजे १७४, ऑक्टलमध्ये २५६. अक्षराचा नंबर काढायला प्रिंटएफलाच टक्के-डी द्या आणि अक्षराच्या आधी एक सिंगल कोट लावा, ऑक्टल करायला टक्के-ओ आहेच. मग चारही आकडे, प्रत्येकाआधी बॅकस्लॅश लावून, प्रिंटएफच्या फॉरमॅटमध्ये. हे डॅशमध्ये चालतं, मॅकच्या जुन्या बॅशमध्ये चालतं, क्रॉनमध्येही चालतं कारण लोकेलचा संबंधच उरत नाही. एकच पथ्य, आकडे फॉरमॅटमध्ये न देता टक्के-बी मधून देणार असाल तर प्रत्येकाआधी एक शून्य जास्त लागतं, नाहीतर डॅश रुसतो.

स्मॉल अक्षरं मात्र आधी टीआर कमांडने कॅपिटल करून घ्या. स्मॉल आयचा नंबर १०५, त्यात १०१ मिळवले की २०६, आणि तो बाइट त्या जागी चालतच नाही, म्हणून काळा प्रश्नचिन्हाचा डबा येतो. यादी एक्सेलमधून सीएसव्ही करून विंडोजवरून आणली असेल तर ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न चिकटलेलं असतं, ते दिसत नाही पण लूप त्यालाही अक्षर समजतो. तेही टीआर वजा डी ने उडवा.

आता मूळ दुखणं, कोडचं. स्कोअरकार्डवरची तीन अक्षरी नावं कापून दोन केली की झेंडा मिळतो हा समज पहिल्या दोन टीमपर्यंत खरा ठरतो, कारण इंडिया आणि ऑस्ट्रेलिया नेमके बरोबर येतात. तिथेच माणूस फसतो. पाकिस्तानचे पी-ए म्हणजे पनामा, बांगलादेशचे बी-ए म्हणजे बोस्निया, नेदरलँड्सचे एन-ई म्हणजे नायजर, स्कॉटलंडचे एस-सी म्हणजे सेशेल्स. साउथ आफ्रिकेला एस-ए लिहिलं की सौदी अरेबिया येतो, त्यांचा खरा कोड झेड-ए. श्रीलंकेचा एल-के, आयर्लंडचा आय-ई, झिम्बाब्वेचा झेड-डब्ल्यू. हे कोड आयएसओ ३१६६ या देशांच्या कोडच्या आंतरराष्ट्रीय यादीचे आहेत, अंदाजाने लिहायची गोष्टच नाही. बहुतेक लिनक्स मशीनवर आणि मॅकवर झोनइन्फो फोल्डरमध्ये आयएसओ ३१६६ डॉट टॅब नावाची फाइल असते, कोड, टॅब, देशाचं नाव अशी, ती ऑक या कमांडकडून वाचून घ्या आणि वरच्या हॅशवाल्या ओळी वगळा. त्यात ब्रिटन शोधाल तर तो जी-बी खाली आहे, यू-के टाकून झेंडा येत नाही. आणि यादी यॅमल प्रकारच्या फाइलमध्ये ठेवत असाल तर नॉर्वेचा एन-ओ कोट्समध्ये लिहा, नाहीतर बरेच पार्सर त्याचा अर्थ "नाही" असा घेतात.

लोकेलवरून झेंडा काढणारेही आहेत. मराठी लोकेलची पहिली दोन अक्षरं एम-आर, आणि एम-आर म्हणजे मॉरिटानिया 🇲🇷. ती भाषा आहे हो, देश नाही, देश अंडरस्कोरच्या नंतर असतो. याच हिशोबाने कन्नडवाल्यांना सेंट किट्स मिळतो, गुजरातीवाल्यांना ग्वाम आणि मल्याळमवाल्यांना माली.

इंग्लंड आणि वेस्ट इंडिजला यातलं काहीच लागू होत नाही. इंग्लंडला स्वतःचा दोन अक्षरी कोड नाही, त्याचा झेंडा २०१७ मध्ये वेगळ्या पद्धतीने आला, काळा झेंडा आणि त्यामागे न दिसणारी टॅग चिन्हं मिळून सात तुकडे, २८ बाइट. स्कॉटलंड आणि वेल्सचंही तसंच. हे तीन सरळ केस स्टेटमेंटमध्ये पेस्ट करून टाका, गणित करत बसू नका. वेस्ट इंडिज हा देशच नाही, अनेक देशांची टीम आहे, त्यामुळे इमोजीही नाही, तिथे पाम झाड 🌴 टाका आणि पुढे चला. याच टॅगच्या पद्धतीने महाराष्ट्राचा कोड बसवून बघणारे उत्साही लोकही असतात, त्यांच्या हाती नुसता काळा झेंडा लागतो, कारण फॉन्टवाल्यांनी त्याचं चित्रच केलेलं नाही.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. विंडोजच्या स्वतःच्या इमोजी फॉन्टमध्ये देशांचे झेंडे नाहीत, म्हणून डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) झेंड्याऐवजी दोन अक्षरं दिसली तर स्क्रिप्ट ठीक आहे. डेबियन, उबुंटूवर नोटो कलर इमोजीचं पॅकेज टाका. तरीही चौकटीतली सुटी अक्षरं दिसत असतील तर तुमचं टर्मिनल चिन्हांची जोडी लावत नाहीये, किटीसारखं दुसरं टर्मिनल वापरून बघा. डेस्कटॉपशिवायच्या काळ्या कन्सोलवर तर नादच सोडा.

आणि झेंडे छापून झाले की कापाकापी करू नका. रेव्ह कमांडने ओळ उलटी केली की तिरंग्याचा निकाराग्वा होतो. भारत आणि अमेरिका स्पेस न देता चिकटवले आणि सगळ्यात पहिलं चिन्ह कुठे गळलं, की उरलेल्या एन आणि यू ची जोडी जमून नियू नावाच्या बेटाचा झेंडा येतो आणि एस एकटा पडतो. दोन झेंड्यांमध्ये स्पेस ठेवा. कॉलम जुळत नसतील तर त्याचं कारण असं की बॅश आणि डॅशचा प्रिंटएफ रुंदी मोजताना बाइट मोजतो, दिसणारी जागा नाही, झेंडा आठ बाइटचा आणि देवनागरीतलं "भारत" बारा बाइटचं, त्यामुळे बाराची रुंदी देऊनही पुढे एकसुद्धा स्पेस पडत नाही. तिथे रुंदीचा आकडा वाढवत बसण्यापेक्षा एस्केप, चौकोनी कंस, २० आणि कॅपिटल जी पाठवा, कर्सर थेट विसाव्या कॉलमवर जातो आणि स्कोअर तिथून छापता येतो.