कपाटातली कलाकार-पुस्तकं: शोधायची कशी, उघडायची कशी

अंबाजोगाईची, संतकवी दासोपंतांची पासोडी आठवा. ‘पंचीकरण’ हा ग्रंथ त्यांनी कागदाऐवजी कापडावर लिहिला. तो मजकूर कागदावर छापता येईल, पण मग पासोडी उरणार नाही. कलाकार-पुस्तकाचंही तसंच असतं. कागद, घडी, शिवण, पानं उलटायचा क्रम हे सगळं कलाकारानं ठरवलेलं असतं आणि पुस्तक हीच कलाकृती असते.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात या नावाचं वेगळं कपाट बहुधा मिळणार नाही. ही पुस्तकं ड्यूई वर्गीकरणातल्या 700 (कला) च्या फडताळात किंवा संदर्भ विभागातल्या कुलूपबंद कपाटात विखुरलेली असतात. ओपॅकवर (ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीवर) विषयानुसार शोधलं तर हाती फारसं लागत नाही, कारण नोंदीत अनेकदा नुसतं ‘चित्रकला’ लिहिलेलं असतं. त्यापेक्षा सर्व रकान्यांत शोध लावा आणि वस्तूचं वर्णन करणारे शब्द इंग्रजी स्पेलिंगनं टाका: अकॉर्डियन (झिगझॅग घडी), फोल्डेड, पोर्टफोलिओ, स्क्रीनप्रिंट, हँडमेड, नंबर्ड, साइन्ड. पृष्ठसंख्येच्या जागी पेटी किंवा सुटी पानं अशी नोंद दिसली, तर ते पुस्तक मागवाच. चेन्नईच्या तारा बुक्सची हातकागदावर स्क्रीनप्रिंट केलेली (जाळीतून शाई दाबून छापलेली) पुस्तकं बालसाहित्यात गेलेली असू शकतात, तिकडेही डोकवा.

दिसायला साधं आहे म्हणून एखादं पुस्तक वगळू नका. अमेरिकन कलाकार एड रूशे यांचं 1963 चं पेट्रोल पंपांच्या 26 छायाचित्रांचं पुस्तक अगदी पातळ, कागदी वेष्टणाचं आहे. पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या 400.

पुस्तकांचे दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतले) लिहून एक दिवस आधी ग्रंथपालांना द्या. बाहेरच्या महाविद्यालयाचे असाल तर प्राचार्यांचं पत्र जवळ ठेवा. दोन तासांत तीन पुस्तकं पुरेत. झिगझॅग घडीचं पुस्तक असेल तर उघडण्याआधी हिशेब करा. 12 सेंमीच्या 24 घड्या म्हणजे 2.88 मीटर. टेबल 1.8 मीटरचं असेल तर मीटरभर कागद खाली लोंबेल आणि आपल्याच वजनानं घडीच्या रेषेवर फाटू शकेल. दोन टेबलं जोडून घ्या, नाहीतर पुढच्या सहा घड्या उघडताना मागच्या सहा मिटवत जा.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक लिहून ठेवत: ‘तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबंधनात्’. तेल, पाणी आणि ढिली बांधणी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात या यादीत पंखाही घाला. मे महिन्यात पंख्याशिवाय बसवत नाही हे खरं, पण सुटी पानं टेबलावर असताना तो बंदच हवा. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. डोक्याला तेल असेल तर केसांना लागलेला हात पानाला लागू देऊ नका. सुती हातमोजे मागू नका, त्यांनी कागदाची कड बोटांना कळत नाही आणि कोपरे फाटतात. फोटोप्रिंट किंवा धातूचे भाग असतील तरच नायट्राइलचे (पातळ रबरासारखे) हातमोजे घाला. जवळ फक्त पेन्सिल ठेवा.

सर्वांत जास्त घोळ होतो तो पेटीतल्या सुट्या पानांचा. पोथीची पानं क्रमांकावरून परत लावता येतात, इथे बऱ्याचदा क्रमांकच नसतो. म्हणून झाकण काढल्यावर आधी मोबाइलनं फोटो घ्या (फ्लॅश बंद), मग पानं मोजा. पाहून झालेलं पान बाजूला पालथं ठेवत गेलात की क्रम आपोआप टिकतो. उभं राहणारं, म्हणजे पॉप-अप पान असेल तर हळूहळू उघडा. कुठे अडलं तर ओढू नका. एखादी पट्टी उलटी दुमडली गेलेली असते. दोन पावलं मागे मिटवा आणि परत उघडा.

मजकूर वाचण्याआधी छपाई पाहा. 10 पट भिंगाखाली ओळीत बसलेले ठिपके दिसले तर ऑफसेट (यंत्रावरची नेहमीची छपाई); विस्कटलेले बारीक शिंतोडे दिसले तर इंकजेट (संगणकाच्या प्रिंटरची छपाई). प्रकाश तिरपा पाडा. अक्षर कागदात दबलेलं दिसलं तर ते खिळ्यांनी (धातूच्या सुट्या अक्षरांनी) किंवा लाकडी ठशानं छापलेलं असू शकतं. स्क्रीनप्रिंटमध्ये उलट शाईचा जाड थर कागदावर बसलेला दिसतो. त्यावर बोट फिरवायचा मोह होतो, तो आवरा. हातकागदाची ओळख हवी असेल तर दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा एखादा ताव आधी पाहून या. न कापलेली ओबडधोबड कड एकदा पाहिली की विसरत नाही.

मग शेवटच्या पानावर या. पोथीला जशी पुष्पिका (शेवटची माहितीची नोंद), तसा इथे कर्त्याचा, कागदाचा आणि छपाईचा तपशील असू शकतो. 17/50 असं लिहिलेलं असेल तर पन्नास प्रतींतली ही सतरावी. तो आकडा, सही, वर्ष, मिटलेलं माप आणि उघडलेलं माप टिपून घ्या.

परत देताना जुन्याच घडीवर मिटवा, नखानं दाबू नका, रबरबँड लावू नका. पानं ग्रंथपालांसमोर मोजून द्या आणि तुमच्या टिपणाची एक प्रत त्यांना द्या. नोंदीतल्या ‘चित्रकला’च्या पुढे ‘घडीचं पुस्तक, 24 घड्या, 17/50’ एवढं चढलं, तरी पुढच्या माणसाला ते पुस्तक ओपॅकवर सापडेल.