गेमची की दिली आणि लेखक गायब: हौशी टीमवर लागू पडलेला उपाय

गेम रिव्ह्यूच्या साइटवर हौशी लेखक गळतात ते बहुतेक वेळा गेमची की (पब्लिशर रिव्ह्यूसाठी देतो तो गेम सुरू करायचा कोड) हातात पडल्यावरच. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात की एकदा रिडीम झाली, म्हणजे वापरली गेली, की त्याच खात्याला चिकटते, दुसऱ्याला देता येत नाही. लेखक गप्प झाला की रिव्ह्यूही गेला आणि पब्लिशरकडची पतही.

इलाज साधा निघाला: नव्या लेखकाला की द्यायचीच नाही. आधी त्याच्याकडे असलेल्या गेमवर ६०० शब्द, ७ दिवसांत. हे दोनदा वेळेवर आलं तरच की. सोबत एक शीट: गेम, प्लॅटफॉर्म, की दिल्याची तारीख, एम्बार्गो, म्हणजे रिव्ह्यू छापायला पब्लिशरची बंदी, कधी उठतो (टाइमझोनसकट लिहा, घोळ इथेच होतो). मसुदा एम्बार्गो उठण्याच्या ४८ तास आधी हवा. की दिल्यावर तिसऱ्या दिवशी एकच प्रश्न विचारायचा, "किती तास खेळून झाले?" उत्तर शून्य आलं तर लगेच दुसरा लेखक नेमून नवी की मागायची. आदल्या रात्री मागून काही हाती लागत नाही.

४० तासांची आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायची गेम) नोकरी सांभाळून आठवड्यात संपत नाही. मग शीर्षकातच "२० तासांनंतर" असं लिहून लेख टाकावा, स्कोअर मागाहून. अर्धवट खेळून १० पैकी ८ देणं म्हणजे वाचकाची फसवणूकच.

स्कोअरचा अर्थही लिहून ठेवा: ५ म्हणजे ठीकठाक. नाहीतर प्रत्येकाचा ७ वेगळा निघतो. आणि की फुकट मिळाली असेल तर लेखाखाली तसं नमूद करायचं, दर वेळी.